भूल कोण देणार? नाकाच्या ऑपरेशनआधी मी जवळजवळ न विचारलेला प्रश्न

वाचणाऱ्यांसाठी: हा या भागाचा लेखी मजकूर. बोलताना मी जितक्या वेळा 'म्हणजे' म्हणतो, तितक्या वेळा तो इथे ठेवलेला नाही.

आजचा भाग जेवता जेवता लावला असेल तर आधी जेवून घ्या. पुढे रक्त आहे, एक छोटी हातोडी आहे आणि एकदा उलटीही आहे.

मागच्या महिन्यात व्हिडिओ टाकला तेव्हा तिघा-चौघांनी मेसेज केला, "भावा, काहीतरी वेगळं दिसतंय. दाढी कमी केलीस का?" दाढी नाही. नाक. मी नाकाचं ऑपरेशन करून घेतलं. राइनोप्लास्टी. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला सीझन बॉल थेट नाकावर बसला, हाड मोडलं, जुळलं ते वाकडंच जुळलं. मधे उंचवटा आणि शेंडा डावीकडे. हॉस्टेलवर पुढची तीन वर्षं माझं नाव 'पोपट' होतं. श्वास घ्यायला काहीही त्रास नव्हता, हे इथे प्रामाणिकपणे सांगतो. ऑफिसात मात्र 'हाड वाढलंय' असंच सांगितलं. दिवसातले पाच-सहा तास कॉलवर असतो, स्क्रीनच्या कोपऱ्यात स्वतःचंच तोंड दिसत राहतं, आणि एका टप्प्यावर ते सहन होईना, एवढं साधं कारण होतं. पण पोरग्याने दिसण्यासाठी नाक करून घेतलं म्हटलं की लोक कसे हसतात, माहितीये ना. तर ते हसून झालं असेल तर पुढे जाऊ.

कारण आजचा विषय नाक नाहीच. नाकाचे व्हिडिओ ढीगभर आहेत. आधीचा फोटो, नंतरचा फोटो, मागे पियानो. आजचा विषय आहे भूल. ज्याबद्दल मी जवळजवळ काहीच न विचारता पैसे भरणार होतो.

आणि हो, मी डॉक्टर नाही. बीटेक आहे, बॅकएंडचं काम करतो. इथे जे सांगतोय ते मला भूलतज्ज्ञांनी समजावलं, नंतर मी वाचलं आणि स्वतःच्या अंगावर घेतलं, ते. तुमचं तुमच्या डॉक्टरांना विचारा.

पुण्यातल्या एका क्लिनिकमध्ये शनिवारी दुपारी गेलो होतो. नाव घेणार नाही. काचेचं दार, कॉफीचं मशीन, टॅबलेटवर माझ्या नव्या नाकाचं थ्रीडी चित्र. सर्जन दहा मिनिटं भेटले, चांगलं बोलले. मग काउन्सेलर मॅडमनी पॅकेजचा कागद पुढे केला. दोन रकाने. एकात 'लोकल विथ सेडेशन', दुसऱ्यात 'जनरल'. फरक पस्तीस हजारांचा. मॅडम म्हणाल्या, "सर, पहिलंच घ्या. जनरलमध्ये उगाच पूर्ण बेशुद्ध करतात. यात आपण फक्त झोपेचं इंजेक्शन देतो, तुम्हाला काही कळत नाही, संध्याकाळी घरी." जणू रिचार्जचा प्लॅन निवडतोय. मी विचारलं, "इंजेक्शन कोण देतं?" त्या म्हणाल्या, "सरच देतात. मदतीला सिस्टर असतात ना."

खरं सांगतो, मला हे उत्तर खटकलं नाही. उलट बरं वाटलं, की सगळं एकाच माणसाच्या हातात आहे. दहा हजार टोकन भरायला फोन काढला. क्लिनिक बेसमेंटला, रेंज नव्हती. यूपीआय फिरत राहिलं. "घरी जाऊन भरतो," म्हणालो आणि निघालो.

माझा रूममेट सोलापूरचा. त्याची थोरली बहीण भूलतज्ज्ञ आहे, मीही तिला ताईच म्हणतो. रात्री त्याने तिला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. माझं सगळं ऐकून घेतल्यावर तिने एकच विचारलं.

"भूल कोण देणार?"

"सर्जनच देणार आहेत."

"मग तुझं नाक कोण करणार?"

मी गप्प. ती म्हणाली, "अरे, त्यांचं सगळं लक्ष नाकात असणार, असायलाच पाहिजे. मग तुझा श्वास चालू आहे की नाही हे बघणार कोण? सिस्टर त्यांच्या हातात हत्यारं देणार की तुझा जबडा उचलून धरणार?"

आता जरा नीट समजून घेऊ, कारण 'लोकल' आणि 'जनरल' हे दोनच शब्द आपल्या कानावर असतात आणि खरी गोम त्या दोघांच्या मधे आहे.

लोकल म्हणजे फक्त नाक बधिर करणं. लिग्नोकेनचं इंजेक्शन, त्यात अगदी थोडं अ‍ॅड्रेनालिन मिसळलेलं. लिग्नोकेनने दुखणं थांबतं, अ‍ॅड्रेनालिनने रक्तवाहिन्या आकसतात, रक्त कमी येतं आणि बधिरपणा जास्त वेळ टिकतो. टोचल्यावर दहा-पंधरा मिनिटं थांबावं लागतं, मग खरा परिणाम दिसतो. गंमत म्हणजे या प्रकाराची सुरुवात कोकेनने झाली. १८८४ साली व्हिएन्नात कार्ल कोलर नावाच्या तरुण डॉक्टरने डोळा बधिर करायला ते वापरलं. ते रक्तवाहिन्याही आकसवतं, म्हणून नाकाच्या सर्जनांना फारच आवडलं. आपलं लिग्नोकेन १९४३ मध्ये स्वीडनमध्ये तयार झालं.

लोकललाही मर्यादा असते, हे मला माहीत नव्हतं. अ‍ॅड्रेनालिन मिसळलेलं लिग्नोकेन वजनाच्या किलोमागे साधारण ७ मिलिग्रॅमपर्यंतच. मी ७० किलोचा, म्हणजे ४९० मिलिग्रॅम. २ टक्क्यांच्या औषधात एका मिलिलिटरला २० मिलिग्रॅम, म्हणजे साधारण २४ मिलिलिटरला माझी सीमा संपली. त्यापुढे ओठांना मुंग्या, कानात आवाज, आणि फारच झालं तर झटके. 'लोकल आहे, काय होतंय' असं नसतं.

फक्त नाकाच्या शेंड्याचं छोटं काम असेल, माणूस शांत स्वभावाचा असेल, तर लोकल चांगलंच. माझ्या बाबतीत हाड मोडून पुन्हा बसवायचं होतं. त्यासाठी बारीक छिन्नी आणि हातोडी वापरतात. बधिर केल्यावर दुखत नाही, पण आवाज येतो. आणि तो बाहेरून नाही, कवटीतून कानात. ताई म्हणाली, "टक टक टक. स्वतःच्या डोक्यात. चालेल तुला?" मी दातांच्या डॉक्टरकडे खुर्चीचा हात घट्ट धरणारा माणूस. नाही चालणार.

म्हणून मधला पर्याय निघतो, गुंगी. सेडेशन. लोकल द्यायचं आणि वरून शिरेतून मिडॅझोलॅम, फेंटानिल, प्रोपोफॉल, डेक्समेडेटोमिडीन यांपैकी काहीतरी. ऐकायला सगळ्यात छान वाटतं. नळी नाही, पूर्ण बेशुद्धी नाही, पटकन घरी. पण गुंगी म्हणजे चालू-बंदचं बटण नाही. तो उतार आहे. वरच्या टोकाला तुम्ही निवांत आहात, हाक मारली की बोलता. थोडं खाली हलवलं तरच डोळे उघडता. आणखी खाली दुखलं तरच हलता. आणि त्याखाली जनरल. किती औषधाला कोण किती घसरेल, हे आधी छातीठोकपणे सांगता येत नाही. तोच डोस एकाला गप्पा मारायला लावतो आणि दुसऱ्याची जीभ मागे पडते. म्हणजे 'हलकी गुंगी' असं कागदावर लिहून तुम्ही न सांगता जनरलमध्ये पोचू शकता, फरक इतकाच की तिथे नळी नसते आणि कदाचित ती घालणारा माणूसही नसतो.

आता यात नाक आणा. हाताचं ऑपरेशन असेल तर रक्त बाहेर येतं, पुसलं की झालं. नाकातलं रक्त मागे घशात उतरतं. जागा माणूस गिळतो किंवा थुंकतो. पूर्ण बेशुद्ध माणसाच्या श्वासनलिकेत नळी असते, रक्त फुप्फुसात जात नाही. गुंगीतला माणूस मधेच लटकलेला. ना धड गिळतोय, ना नळी आहे. रक्त घशात टोचलं की ठसका, कधी घशाची झडप गच्च आवळली जाते. शिवाय भूलतज्ज्ञाला एरवी जिथे मास्क दाबून धरता येतो, तिथेच सर्जनचं काम चाललेलं. तोंडाशी ऑक्सिजन सोडलेला असेल आणि तिथेच रक्त थांबवायला कॉटरी वापरली, म्हणजे विजेने डाग दिला, तर आग लागू शकते. खरोखर आग. ऑपरेशन थिएटरमध्ये चेहऱ्याच्या कामात हा धोका सगळ्यांना शिकवलेला असतो.

एक तांत्रिक गोष्ट मला इतकी आवडली की सांगितल्याशिवाय राहवत नाही. कोविडमध्ये आपण सगळे ऑक्सिमीटरचे तज्ज्ञ झालो होतो ना? ९४च्या खाली गेलं की धावाधाव. तर भूलीत ऑक्सिमीटर एकटा पुरत नाही. नाकातोंडाशी जास्तीचा ऑक्सिजन चालू असेल, तर श्वास थांबल्यावरही बोटावरचा आकडा काही वेळ ९८, ९९ दाखवत राहतो, कारण फुप्फुसात साठा असतो. आकडा पडायला लागतो तोवर श्वास थांबून बराच वेळ झालेला असतो. माझ्या भाषेत, सर्व्हर कधीच पडलाय आणि डॅशबोर्ड अजून हिरवा आहे. म्हणून दुसरं यंत्र लागतं, कॅप्नोग्राफ. ते बाहेर पडणाऱ्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजतं. श्वास थांबला की स्क्रीनवरची लाट तिथल्या तिथे सपाट. ताईने मला सांगितलं होतं, "त्या क्लिनिकला विचार, कॅप्नोग्राफ आहे का." मी सोमवारी फोन करून विचारलं. समोरून, "सर, सगळी अत्याधुनिक मशिन्स आहेत." दोनदा विचारलं, दोनदा तेच. टोकन भरलं नाही.

प्रोपोफॉलचं नाव घेतलं म्हणून आठवलं. मायकल जॅक्सन. त्याच्या नाकाबद्दल जगाने किती चर्चा केली! दोनदा नाकाचं ऑपरेशन केल्याचं त्याने स्वतःच्या आत्मचरित्रात कबूलही केलं होतं. पण २००९ च्या जूनमध्ये तो गेला तो प्रोपोफॉलमुळे. घरच्या बेडरूममध्ये, झोप यावी म्हणून त्याच्या डॉक्टरने दिलेलं. धड देखरेखीची साधनं नाहीत, आणि दिल्यावर डॉक्टर खोलीबाहेर. २०११ मध्ये त्या डॉक्टरला कोर्टाने सदोष मनुष्यवधासाठी दोषी ठरवलं. मिडॅझोलॅमवर उतारा आहे, फेंटानिलवर उतारा आहे. प्रोपोफॉलवर नाही. ते काही मिनिटांत आपोआप उतरतं, पण तेवढी मिनिटं तुमच्यासाठी कुणीतरी श्वास द्यावा लागतो. हेच औषध रोज हजारो लोकांना सुखरूप झोपवतं आणि उठवतं. मलाही तेच दिलं. फरक शेजारी बसलेल्या माणसाचा.

म्हणजे गुंगी वाईट, असं मी म्हणत नाहीये, हे कृपया कापून रील बनवू नका. वेगळा भूलतज्ज्ञ डोक्याशी बसलेला असेल, सगळी यंत्रं लावलेली असतील, गरज पडली तर नळी घालायची तयारी असेल, तर गुंगीत नाकाची उत्तम ऑपरेशनं होतात. काही सर्जन तीच पसंत करतात, कारण नंतर उलट्या कमी, घरी लवकर. माझी तक्रार त्या पॅकेजबद्दल आहे, ज्यात पस्तीस हजार वाचवताना नेमका तो माणूसच वगळला होता. नाकापेक्षा मोती जड वाटला त्यांना. किंवा मलाच वाटला असता.

मग मी एका मोठ्या हॉस्पिटलमध्ये दुसऱ्या सर्जनकडे गेलो. तिथे ऑपरेशनआधी भूलतज्ज्ञांची वेगळी भेट असते, पीएसी म्हणतात. आणि तिथेच माझी पंचाईत झाली, कारण त्यांनी सांगितलं, जवळचं माणूस सोबत हवं, त्याशिवाय घेत नाही. माझा बेत होता की घरी काही कळवायचंच नाही, दिवाळीला जाईन तेव्हा 'बारीक झालोय' म्हणेन. शेवटी कऱ्हाडला आईला फोन केला. दोन मिनिटं शांतता. मग, "नाकाला काय धाड भरलीय तुझ्या?" दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने स्वारगेटला हजर. पिशवीत शेंगदाण्याचे लाडू.

भूलतज्ज्ञ मॅडमनी मला तोंड उघडायला लावलं, जीभ बाहेर काढायला लावली, मान मागे पुढे. घसा मागपर्यंत किती दिसतो यावरून नळी घालायला किती सोपं जाईल याचा अंदाज घेतात. हलणारे दात, अ‍ॅलर्जी, औषधं. "घोरता का?" मी म्हणालो, "नाही." आई म्हणाली, "घोरतो की, बापासारखा. भिंत हलती." मॅडमनी लगेच लिहून घेतलं. घोरणाऱ्याच्या झोपेत श्वास अडकत असेल तर गुंगी आणि वेदनाशामकं जपून द्यावी लागतात, आणि ऑपरेशननंतर नाक बंद असतं ते वेगळंच.

मग विचारलं, "घरात कुणाला भूलीचा त्रास झाला होता?" मी पुन्हा नाही म्हणणार होतो. आई म्हणाली, "माझ्या भावाला. अपेंडिक्सला. सगळ्यांच्या आधी नेला आणि रात्री उशिरा शुद्धीवर आला, मशीनवर ठेवला होता." मला हे आयुष्यात कुणी सांगितलं नव्हतं! मॅडमनी पेन खाली ठेवलं आणि नीट पंधरा मिनिटं आईशी बोलल्या. काही कुटुंबांत एक एन्झाइम कमी असतं किंवा नीट काम करत नाही. नळी घालताना स्नायू सैल करायला सक्सिनिलकोलिन नावाचं औषध देतात, ते एरवी काही मिनिटांत उतरतं. अशा माणसाला ते तासन्‌तास उतरत नाही, आणि तोवर स्वतःचा श्वास घेता येत नाही. मामाचं तेच होतं का, कुणास ठाऊक. जुनं कार्ड शोधलं, घर बदलताना गेलेलं. मॅडम म्हणाल्या, "मग आपण ते औषधच वापरायचं नाही. दुसरं आहे." विषय मिटला. पण मी तिथे बसून त्या बेसमेंटमधल्या दहा मिनिटांचा विचार करत होतो. तिथे मला मामाबद्दल कुणीच विचारलं नव्हतं.

आणि शेवटचा प्रश्न. "सिगारेट, दारू?" शेजारी आई. मी म्हणालो, "नाही."

खाली आलो, आईला रिक्षात बसवलं, आणि पोटात गोळा. सर्जनशी खोटं बोललो असतो तर नाक जरा वाईट भरलं असतं. इथे मी ज्या माणसाच्या हातात श्वास देणार होतो त्यालाच खोटं सांगून आलो होतो. संध्याकाळी हॉस्पिटलला फोन करून मॅडमशी बोललो. "रोज पाच-सहा ओढतो. आई होती म्हणून." त्या हसल्यासुद्धा नाहीत. एवढंच म्हणाल्या, "बरं केलंत सांगितलंत. चार आठवडे बंद करा, मग तारीख घेऊ." ओढणाऱ्याची श्वासनलिका चिडकी असते, खोकला आणि कफ जास्त, जखम भरायलाही वेळ. नाकाच्या ऑपरेशननंतर शुद्धीवर येताना जोरात खोकला आला की रक्त सुरू होतं, म्हणून त्यांना ते नको होतं. आईला मी तारीख पुढे गेल्याचं कारण 'सर्जन परदेशी चाललेत' असं सांगितलं. आई, हा भाग ऐकत असशील तर सॉरी.

ते चार आठवडे मी च्युइंगम चघळत वाचत बसायचो. आणि वाचता वाचता पुण्यातच परत आलो. १७९४ च्या ऑक्टोबरात लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगझिन'मध्ये एक पत्र छापून आलं, चित्रासकट. इंग्रजांच्या फौजेत बैल हाकणारा कावसजी नावाचा एक मराठी माणूस. १७९२ च्या युद्धात टिपूच्या लोकांच्या हाती सापडला, त्यांनी त्याचं नाक आणि एक हात कापला. वर्षभराने पुण्याजवळच्या एका वीट भाजणाऱ्या जातीतल्या माणसाने त्याच्या कपाळाची कातडी खाली वळवून त्याला नवं नाक केलं. हे वाचून युरोपातले सर्जन जागे झाले. १८१४ साली लंडनमध्ये जोसेफ कार्पू यांनी तीच पद्धत वापरून पाहिली. आपण हे अभिमानाने फॉरवर्ड करतो, मीही केलंय. पण यावेळी माझं लक्ष तारखांवर गेलं. ईथर देऊन जाहीर ऑपरेशन झालं ते बोस्टनमध्ये, १६ ऑक्टोबर १८४६ ला. म्हणजे कावसजीच्या वेळी जगात कुठेच आजच्यासारखी भूल नव्हती. सुश्रुतसंहितेत वेदना सहन न होणाऱ्याला आधी तीव्र मद्य पाजायला सांगितलंय, बस्स. कपाळाची कातडी सोलताना तो माणूस काय करत होता, हे पत्रात नाही. आणि मी टॅबलेटवर रकाने निवडत होतो.

असो. ऑपरेशनचा दिवस.

जड जेवण आठ तास आधी, हलकं सहा तास आधी, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत, असं मला सांगितलं होतं. आपल्याकडे लोक इथे चुकतात ते चहात. दुधाचा चहा पाण्यात मोजत नाहीत, खाण्यात मोजतात. सहा तास. बाजूच्या खाटेवरच्या काकांनी 'अर्धा कपच घेतला' म्हणून सांगितलं आणि त्यांचा नंबर दुपारवर गेला. बिचारे काकू-काका दिवसभर भांडत होते. पोटात काही असेल तर भूल चढताना ते वर येऊन फुप्फुसात जाऊ शकतं, एवढंच कारण आहे, हॉस्पिटलचा हट्ट नाही.

आत थंडी. मॅडम डोक्याशी, त्यांनी नाव विचारलं, कुठलं ऑपरेशन विचारलं, मास्कमधून ऑक्सिजन, मग शिरेत ते पांढरं दुधासारखं प्रोपोफॉल. हातात जराशी जळजळ झाली, 'जळतंय' म्हणालो, त्या म्हणाल्या, "जळू दे, कऱ्हाडला काय खास मिळतं खायला?" मी उत्तर दिलं की नाही, आठवत नाही.

पुढचं मला नंतर सांगितलेलं. तोंडातून नळी, तीही खास वाकवलेली, हनुवटीकडे वळून जाणारी, अगदी मधोमध चिकटवलेली. कारण नळी एका बाजूला ओढली गेली की वरचा ओठ ओढला जातो, नाक तिरकं दिसतं आणि सर्जन तिरक्या नाकावरून मोजमाप करून बसतो. घशात ओल्या गॉजची पट्टी, रक्त पोटात उतरू नये म्हणून. ती आत घातली हे फळ्यावर लिहितात आणि बाहेर काढली हेही, कारण विसरली तर जीवावर बेतेल. टेबल डोक्याकडून थोडं वर, म्हणजे रक्त कमी. आणि पूर्ण बेशुद्ध असूनही लिग्नोकेन-अ‍ॅड्रेनालिन नाकात देतातच. मला वाटायचं, लोकल किंवा जनरल. प्रत्यक्षात जनरलमध्ये लोकल असतंच.

भीतीचं बोलायचं तर दोन आकडे मी पाठ केले होते. ऑपरेशनच्या मधेच जाग येणं, ज्यावर सिनेमे निघतात, त्याचं ब्रिटनमधल्या २०१४ च्या मोठ्या पाहणीत प्रमाण आलं साधारण १९ हजार भूलींमागे एक. आणि तिथल्या भूलतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजची माहितीपत्रकं सांगतात, भूलीमुळे मृत्यू साधारण लाखात एक. हिंजवडीला रोज बाइकने जाणाऱ्या माणसाला यात घाबरण्यासारखं फार नाही. पण ते आकडे भूलतज्ज्ञ शेजारी असतानाचे आहेत.

शुद्धीवर येणं मात्र कुठल्याही व्हिडिओत दाखवत नाहीत. डोळे उघडायच्या आधी कळलं की नाकातून हवा येत नाहीये. दोन्ही बाजूंना आत पट्ट्या, वर प्लास्टर. शरीर म्हणतं बुडतोय. मॅडमनी आधीच बजावलं होतं, घरी रोज दहा मिनिटं नाक चिमटीत धरून फक्त तोंडाने श्वास घ्यायची सवय करा. मी तीन दिवस केली आणि सोडली. कानाशी त्यांचा आवाज आला, "तोंडाने. तोंड उघडा. हं, असं." या ऑपरेशनमध्ये माणसाला पूर्ण जागं करूनच नळी काढतात, कारण नंतर श्वास अडखळला तर ताज्या नाकावर मास्क दाबता येत नाही. म्हणून त्या तिथे थांबल्या होत्या. सर्जन तोवर पुढच्या पेशंटकडे गेले होते, आणि त्यात त्यांचं काही चुकलं नाही.

घसा खरवडल्यासारखा. तासाभराने उलटी, काळपट, गिळलेलं रक्त. आईने ते बघितलं आणि तिचा चेहरा पांढराफटक. सिस्टर म्हणाल्या, "होतं असं, उलट बरं वाटेल आता." वाटलं. रात्रभर ती उशाशी बसून माझ्या सुकलेल्या ओठांना ओला कापूस लावत होती आणि दर अर्ध्या तासाने बोटावरचा चिमटा नीट आहे का बघत होती. पहाटे मला म्हणाली, "मामाला पण अशीच बसले होते मी." हे मला माहीत नव्हतं.

आठव्या दिवशी प्लास्टर निघालं. सूज अजून होती, वर्षभर थोडी थोडी उतरत राहते म्हणे. मी आरशात पंधरा मिनिटं. आई मागून आली, चष्मा लावला, डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं.

"तसंच तर आहे की रे," म्हणाली. "चल, चहा घे. दुधाचा चालतो ना आता?"

चला, भेटू पुढच्या रविवारी. प्रश्न असतील तर व्हॉइस नोट पाठवा. आणि कुणाचं नाक किती लाखांत झालं हे मला विचारू नका, सांगणार नाही.